बोळाचा सहावा हिस्सा

उल्का देवस्थळी कोणाच्याही घरी गेली की आधी घर बघत नाही, जमीन बघते. सायकल स्टँडवर लावता लावता तिची नजर कुंपणाच्या कोपऱ्याशी जाते. तिथे हद्दीचा सिमेंटचा खुंट आहे का, डांबर कुठे संपतं, गटाराच्या झाकणावर वॉर्डाचं चिन्ह आहे की झाकण साधंच आहे, हे सगळं डोळ्यांखालून गेल्यावर मग ती दाराची घंटा वाजवते. "आई, लोकांना वाटतं तुझं काहीतरी पडलंय," असं तिची चौदा वर्षांची केतकी म्हणते, तेही निम्मं जपानीत, आणि दोन पावलं लांब उभी राहते.

उल्का मूळची कोल्हापूरची. इतिहास घेऊन बी.ए. झाली, लग्न होऊन पुण्याला आली आणि वर्षभरात सुशीलला त्याच्या कंपनीने तोक्योला पाठवलं. काँट्रॅक्ट दोन वर्षांचं होतं, त्याला आता पंधरा वर्षं झाली. एदोगावातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सुरुवातीला तिचा दिवस खिडकी ते गॅस आणि गॅस ते खिडकी असा जायचा. पुढे केतकीला बालवाडीत सोडून ती वॉर्डाच्या हॉलमध्ये जपानी शिकायला बसू लागली. तिथल्या निवृत्त शिक्षिका फुकट शिकवत आणि चुकलं की मनापासून हसत. मग तिने कोपऱ्यावरच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, सकाळच्या पाळीचं अर्धवेळ काम धरलं. दुकानात सामान पाठवायला आलेले लोक कुरिअरच्या पावत्यांवर हाताने नाव-पत्ता लिहीत. बाकीच्या मुली त्या पावत्यांना कंटाळायच्या. उल्काला मात्र त्यांचाच नाद लागला. एकच आडनाव सात माणसं सात तऱ्हेने कशी लिहितात, म्हाताऱ्यांच्या हातची अक्षरं कुठे वळतात आणि कुठे तुटतात, हे ती बघत राहायची. गिचमिड अक्षर आलं की मॅनेजर दुकानाच्या पार मागून हाक मारायचा, "देवस्थळी-सान, हे काय लिहिलंय हो?"

त्या हाकेच्या जोरावरच तिने कुरोनुमा-सेन्सेईंच्या ऑफिसची जाहिरात वाचून अर्ज केला. सेन्सेई हे शिहोशोशी. घर-जमिनीचे कागद तयार करून सरकारी दप्तरात नोंदवून देणारे परवानाधारक. आपल्याकडचा दस्तलेखक आणि वकील यांच्या मधोमध त्यांना बसवलं की साधारण कल्पना येते. वॉर्डातली भारतीय कुटुंबं फ्लॅट घ्यायला लागली होती आणि सेन्सेईंना इंग्रजी-हिंदी बोलणारं माणूस हवं होतं. उल्काला घेतलं ते दुभाष्याच्या कामाला आणि झेरॉक्सला.

कोल्हापूरला फोनवर तिच्या आईला, लीलावतीबाईंना, हे काम समजावताना उल्काच्या नाकी नऊ आले.

"म्हणजे तू तलाठी झालीस का गं?"

"तलाठी नाही आई. तलाठ्याच्या कचेरीत हेलपाटे घालणारी."

"मग त्याला एवढं शिकायला कशाला हवं होतं? प्रॉपर्टी कार्डावरचं नाव दुरुस्त करायला हेलपाटे मी पण घातलेत. तीन वर्षं!"

पहिल्याच आठवड्यात उल्काने जी माती खाल्ली ती अजून ऑफिसात सांगितली जाते. सेन्सेईंनी तिला नोंदणी कार्यालयात, म्हणजे होमुक्योकुत, एका घराचा उतारा आणायला पाठवलं. अशिलाच्या पत्रावर पत्ता होता. उल्काने तोच सुंदर अक्षरात अर्जावर उतरवला, नंबर पुकारल्यावर उतारा घेतला आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणला. सेन्सेईंनी तो शांतपणे वाचला.

"देवस्थळी-सान, काम फार नीटनेटकं केलंत. फक्त आपल्या अशिलाचं घर आहे, आणि ही कोणा तिसऱ्याची पार्किंगची जागा आहे."

तेव्हा तिला कळलं की इथे जमिनीला दोन नंबर असतात. एक पोस्टमनसाठी, दारावर लावलेला. दुसरा जमिनीचा स्वतःचा, दप्तरातला, जो घरात राहणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतो. होमुक्योकु ओळखते ती फक्त दुसऱ्याला. दोन्हींची गाठ घालून देणारा एक जाडजूड नकाशा तिथे ठेवलेला असतो. घरांचे नंबर काळ्यात, जमिनीचे निळ्यात. उल्का इतकी ओशाळली, की त्या दिवसापासून तिने नियमच करून टाकला: काम केवढंही साधं असो, आधी नकाशा, मग अर्ज. जेवणाच्या सुट्टीतही ती तो नकाशा उलटत बसायची, जशी एखादी बाई दिवाळी अंक चाळते.

घरी सुशीलला तर आयतंच मिळालं. संध्याकाळी दार उघडलं की त्याचं सुरू, "या बाईसाहेब! आज कोणाचं पार्किंग आणलंत?"

"ए गप. कुकर लाव."

सहा वर्षं झाली या गोष्टीला. आता तिच्याकडे सेन्सेईंच्या साहाय्यकाचं फोटो लावलेलं अधिकृत ओळखपत्र आहे, आणि होमुक्योकुतल्या खिडकीपलीकडची माणसं तिला नावाने ओळखतात. पण काम सेन्सेईंचं आणि ती मदतनीस, ही रेघ तिच्या मनात पक्की होती. गेल्या फेब्रुवारीपर्यंत तरी.

त्या महिन्यात ओत्सुका-सान ऑफिसात आल्या. वय एकोणऐंशी, पाठ ताठ, गुडघे तेवढे रुसलेले. जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदात त्यांनी आपली कागदपत्रं गुंडाळून आणली होती. यजमान गेल्या शरदात गेले होते. घर त्यांच्या नावावर. वारसाची नोंद करणं आता कायद्याने सक्तीचं झालेलं, त्यामुळे ते काम होतंच, पण ओत्सुका-सानना पुढचीही घाई होती. एकुलती एक लेक सेंदाईला. तिच्याच इमारतीत तळमजल्यावर एक खोली रिकामी झाली होती आणि लेकीने ती आईसाठी धरून ठेवली होती. इकडच्या घराला गिऱ्हाईकही मिळालेलं, एक तरुण जोडपं. त्यांच्या मुलाची शाळा एप्रिलमध्ये सुरू व्हायची, म्हणून मार्चअखेर घर हातात हवं. नाहीतर ते दुसरं बघणार होते.

"फार अवघड नसेल ना?" ओत्सुका-सान म्हणाल्या. "सासरे गेले तेव्हा आमच्या यांनी सगळं स्वतःच केलं होतं. ऑफिसातून तीन दिवस रजा काढून. पुस्तक विकत आणून, वाचून. एकाही सेन्सेईंचं तोंड पाहिलं नाही."

"अशा माणसांमुळेच आमचा धंदा गरीब राहिला," सेन्सेई गंभीरपणे म्हणाले आणि वाकून नमस्कार केला. ओत्सुका-सानना ते फार आवडलं. नवऱ्याची स्तुती त्यांना कोणत्याही वेषात चालत होती.

घराच्या कराची जी वार्षिक नोटीस येते तिच्यावर दोन ओळी होत्या. एक जमीन, एक घर. सेन्सेईंनी दोन्हींचे उतारे काढायला सांगितले, लेकीची संमती टपालाने आली, अर्ज तयार झाला. इथे सहीच्या जागी माणसाचा स्वतःचा शिक्का लागतो, तो एका कागदावर राहिला होता. ओत्सुका-सानच्या गुडघ्यांना पुन्हा जिना नको, म्हणून उल्का सायकल काढून शिनोझाकीला त्यांच्या घरी निघाली.

घर एका बोळाच्या टोकाला होतं. बोळात समोरासमोर तीन तीन अशी सहा घरं, दारांत कुंड्या, एका खिडकीत वाळत घातलेले मुळे. उल्का सवयीप्रमाणे खाली बघत आत शिरली आणि थबकली. मोठ्या रस्त्याचं डांबर बोळाच्या तोंडाशी कापल्यासारखं संपलं होतं. पुढे काँक्रीट. त्यावर झाडूने ओढलेल्या आडव्या रेघा, आणि गटाराच्या झाकणावर कसलंच चिन्ह नाही.

"तुमच्या बोळाचं काँक्रीट छान आहे हो," चहा घेताना ती म्हणाली.

"छान असणारच! आम्ही सहा घरांनी मिळून घातलंय. त्या रेघा आमच्या यांनी ओढल्यात, म्हाताऱ्या माणसांचे पाय घसरू नयेत म्हणून. तेव्हा आम्ही म्हातारे नव्हतो."

"वॉर्डाने नाही घातलं?"

"वॉर्ड कशाला घालेल? बोळ आमचाच आहे."

उल्काने कप खाली ठेवला. बोळ यांचा आहे, तर त्याचा कागद कुठे आहे? कराच्या नोटिशीवर ओळी दोनच. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या अशा बोळाला कर नसतो. कर नाही म्हणून नोटिशीवर नाव नाही. आणि इथली सरळमार्गी माणसं घराचा सगळा हिशेब त्या नोटिशीवरून ठेवतात, कारण दरवर्षी न चुकता सरकारी लिफाफ्यात येणारा दुसरा कागदच नसतो. ज्या जमिनीवरून रोज चालायचं, तीच अशी यादीतून निसटते. आणि त्या जमिनीतला हिस्सा नसेल तर घर विकत घेणारा उद्या नवं बांधताना अडकतो, बँक त्याला कर्ज देत नाही. मार्चअखेर सोडा, ते घर मग कोणीच घेत नाही.

तिने बाहेर येऊन सेन्सेईंना फोन लावला.

"सेन्सेई, अर्ज पाठवलात का?"

"बोट बटणावर आहे. शिक्का झाल्याचं कळलं की दाबतो."

"उचला."

आपण कोणाशी काय बोललो हे उल्काला शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. मग सेन्सेई म्हणाले, "उचललं."

ती तशीच होमुक्योकुत गेली. नकाशात ओत्सुकांच्या घरासमोर एक चिंचोळी पट्टी होती, स्वतःचा वेगळा नंबर मिरवणारी. त्या नंबराचा उतारा काढला. सहा मालक, प्रत्येकाचा सहावा हिस्सा. उल्का बोट ठेवून एकेक नाव वाचत गेली. सहाव्या नावाशी ओत्सुका आडनाव होतं खरं, पण नाव यजमानांचं नव्हतं. त्यांच्या वडिलांचं होतं. सासरे सदतीस वर्षांपूर्वी गेलेले, आणि बोळातला त्यांचा हिस्सा अजून त्यांच्याच नावावर. तीन दिवस रजा काढून, पुस्तक वाचून सगळं स्वतः केलेल्या मुलाने कराची नोटीस समोर ठेवूनच केलं होतं.

सेन्सेईंनी उतारा वाचला आणि चष्मा काढून डोळे चोळले. "म्हणजे आता सासऱ्यांच्या वारसांपासून सुरुवात. मुलगे किती?"

"दोन. कुटुंबाच्या दाखल्यात बघितलं. धाकटे चिबाला असतात. हयात आहेत."

"मग त्यांचा शिक्का लागेल."

हे ओत्सुका-सानना सांगायला सेन्सेई स्वतः जाणार होते, पण दाराशी त्यांची पावलं रेंगाळली. "तुम्ही पण चला," ते म्हणाले. "मी सांगितलं की लोकांना निकाल लागल्यासारखं वाटतं."

तेव्हा सांगितलं ते उल्कानेच. ओत्सुका-सान संत्रं सोलत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे यांनी चूक केली."

"त्यांच्या यादीतच बोळ नव्हता, ओत्सुका-सान. जी यादी बघून सगळेच करतात, ती बघूनच त्यांनी केलं."

"हं." संत्र्याच्या फोडी त्यांनी तीन बशांत सारख्या वाटल्या. "आणि धाकट्या दिराचा, मित्सुरुचा शिक्का लागेल म्हणता. सासूबाईंच्या अंत्यविधीला तो सगळ्यांदेखत म्हणाला, की आईला वहिनीने नीट बघितलं नाही. अकरा वर्षं अंथरुणावर होत्या त्या. अकरा वर्षं मी त्यांना या हातांनी भरवलं. यांनी त्याला त्याच दिवशी दाराबाहेर काढलं, त्यानंतर एकमेकांचं तोंड बघितलं नाही. हे गेले तेव्हाही तो आला नाही." मग अगदी हळू, पण एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "त्याच्या दारात मी जाणार नाही. घर विकलं गेलं नाही तरी चालेल. सेंदाई राहू दे. मी इथेच मरेन."

सेन्सेईंनी बशीतल्या फोडी संपवल्या. परतताना एवढंच म्हणाले, "बरोबर आहे बाईंचं." आणि थोड्या वेळाने, "पण कायद्यात त्याला रकाना नाही."

उल्काला मात्र चैन पडेना. भाजी चिरताना, केतकीच्या शाळेच्या फॉर्मवर सही करताना तिच्यासमोर त्या तीन बशा येत. दुसऱ्या दिवशी तिने होमुक्योकुतून ओत्सुकांच्या घराच्या जमिनीचं जुनं, बंद केलेलं पान काढलं. आताचे उतारे कॉम्प्युटरचे. हे त्याआधीचं, कागदी वहीतलं. त्यावर सासऱ्यांच्या मृत्यूनंतरची नोंद होती: वारसा, मालक थोरला मुलगा. तिने ते पान पुन्हा वाचलं, आणि मग आणखी एकदा, कारण त्यात काहीतरी टोचत होतं.

"सेन्सेई, मुलगे दोन आणि नाव एकाचंच कसं लागलं?"

सेन्सेईंनी वर पाहिलं.

"धाकट्याने तेव्हा कुठेतरी शिक्का मारला असल्याशिवाय लागेल का? भांडण नंतरचं आहे. सासूबाई पुढे नऊ वर्षांनी गेल्या."

"वाटणीपत्र असेल," सेन्सेई म्हणाले. "आई आणि दोघा भावांचे शिक्के असलेलं. पण त्यातही तीच यादी असणार हो. जमीन आणि घर. बोळ यादीत असता तर यजमानांनी तेव्हाच नोंदवला असता."

"यादीच्या खाली काय लिहिलंय, ते बघायला काय हरकत आहे?"

"मिळालं तर बघू. होमुक्योकुकडे दिलेले कागद ठरावीक वर्षांनी नष्ट होतात."

"मूळ कागद मागितला तर परत देतात ना?"

"देतात. लोक तो घरी नेतात आणि हरवतात," सेन्सेई म्हणाले. पण उल्काने पर्स उचललेली बघून त्यांनी तिच्या टेबलावरच्या दोन फायली गुपचूप स्वतःकडे ओढून घेतल्या.

ओत्सुका-सान म्हणाल्या, शोधून झालंय. देव्हाऱ्याचा खण झाला, बँकेचा डबा झाला, किमोनोंचं कपाट झालं. जिथे मोलाच्या गोष्टी ठेवतात ती एकही जागा त्यांनी सोडली नव्हती. उल्का खोलीच्या मधोमध उभी राहिली. तिला एकदम सुशील आठवला. मागच्याच महिन्यात पासपोर्टसाठी दोघांनी घर उलटंपालटं केलं होतं, आणि तो सापडला तो राइस कुकरच्या माहितीपत्रकाच्या पोटात. "महत्त्वाचे कागद एकत्र ठेवलेत," असं सुशीलने वर ऐटीत सांगितलं होतं. नवरे लोकांना जन्माचा दाखला आणि मिक्सरची गॅरंटी यांत काडीचा फरक दिसत नाही. दोन्हींवर शिक्का असतो ना, झालं!

"ओत्सुका-सान," तिने विचारलं, "तुमच्या वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक कुठे असतं?"

म्हातारी आधी बघतच राहिली, मग तोंडावर हात ठेवून हसली. "यांच्या फाइलीत. भिंतीतल्या कपाटात, वरच्या फळीवर. मी तिला कधी हात लावत नाही. तिच्यात फक्त मशीनं आहेत."

फाइल कसली, खोकंच होतं. उल्काने ते चटईवर ठेवलं आणि एकेक लिफाफा काढत गेली. टीव्ही, हीटर, शिलाई मशीन, कधीच भंगारात गेलेला फ्रिज. सगळं वर्षवार लावलेलं. न्हाणीघराच्या गीझरची गॅरंटी आणि चटया बदलल्याची पावती यांच्यामध्ये एक तपकिरी लिफाफा निघाला. त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: वडील. घर. पूर्ण झाले.

आत तीन कागद होते, गंजलेल्या पिनेने टाचलेले. उल्काने रुमालाने बोटं पुसली. पहिलं कलम, जमीन. दुसरं कलम, घर. सेन्सेई म्हणाले होते तसंच. तिचं बोट खाली सरकलं. तिसरं कलम होतं.

ती ओळ तिने मनातल्या मनात वाचली. मग शेवटचा कागद उलटून धाकट्या दिरांच्या शिक्क्याचा सरकारी दाखला जोडलेला आहे का, ते बघितलं. दाखल्यावरचा ठसा आणि कागदावरचा ठसा उजेडात शेजारी शेजारी धरले. ओत्सुका-सान दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. सगळी खात्री झाल्यावरच उल्काने मोठ्याने वाचलं:

"वर न लिहिलेली, तसेच पुढे केव्हाही आढळून येणारी सर्व मालमत्ता थोरल्या मुलाकडे जाईल."

"म्हणजे?"

"म्हणजे बोळ तेव्हाच तुमच्या यजमानांचा झाला. धाकट्या दिरांनी या ओळीखाली शिक्का मारलाय, सासूबाईंनीही मारलाय. आता कोणाच्या दारात जायला नको."

ओत्सुका-सान खाली बसल्या. गुडघ्यांची तक्रार विसरून, सरळ चटईवर. कागद हातात घेऊन त्यांनी ते अक्षर बघितलं. "पुस्तकातून उतरवलं असणार," त्या म्हणाल्या. "मनाने एक ओळ लिहायचे नाहीत. नवीन वर्षाचं शुभेच्छापत्रसुद्धा नमुना समोर ठेवून लिहायचे. मी चिडवायची." मग त्यांनी मान वर केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ऑफिसात पहिल्या दिवशी होती तीच ऐट परत आली. "बघितलंत ना? मी म्हटलं नव्हतं? कच्चं काम करणारा माणूसच नव्हता तो!"

"नव्हतेच," उल्का म्हणाली. बोळ मुळात विसरला कोण, हा विषय तिने त्या खोक्यात गीझरच्या गॅरंटीखाली ठेवून दिला.

सेन्सेईंनी कागद वाचला तेव्हा ते उभेच होते. वाचून झाल्यावर बसले. मग त्यांनी ओत्सुकांच्या फाइलीचं कव्हर पुढे ओढलं. त्यावर 'जबाबदारी' असा एक चौकोन असतो. सहा वर्षांत तिथे सेन्सेईंच्या शिक्क्याशिवाय दुसरं काही उमटलेलं उल्काने पाहिलं नव्हतं.

"तुमचा शिक्का आहे ना जवळ?"

होता. देवस्थळी त्या एवढ्याशा गोलात मावेना म्हणून शिक्केवाल्याने शेवटी नुसतं 'उल्का' कोरून दिलेला, आजवर फक्त कुरिअर घ्यायला वापरलेला. तिने शाईवर टेकवला आणि चौकोनात दाबला. ठसा तिरका आला.

"पुसू का?"

"शिक्का पुसत नाहीत," सेन्सेई म्हणाले. "अर्जावर सही माझी असेल, कारण तसा कायदा आहे. काम कोणाचं ते इथे लिहिलेलं असतं."

अर्ज गेला. त्यानंतरचे दोन आठवडे ऑफिसचा फोन वाजला की उल्का हातातलं काम थांबवून मान वर करायची. एकदा खरंच होमुक्योकुतून फोन आला. सेन्सेई सात मिनिटं उभ्याने बोलले, आणि शेवटी तिला ऐकू आलं, "हो, हो. यादीच्या खाली बघा. तिसरं कलम." पलीकडून काय म्हणाले कोण जाणे, सेन्सेईंनी फोन ठेवून तिच्याकडे बघून होकाराची मान हलवली आणि पुन्हा कामाला लागले.

मार्चच्या मध्यावर नोंद पूर्ण झाल्याचं कळलं. उतारा आणायला उल्का गेली. नंबर पुकारला, कागद हातात आला. खिडकीपलीकडच्या बाईंना वाटलं ती नेहमीप्रमाणे फोल्डरमध्ये घालून निघेल. पण ती बाजूला होऊन उभ्या उभ्या वाचत राहिली. बोळाचा नंबर. सहावा हिस्सा. मालक, ओत्सुका फुमी, म्हणजे ओत्सुका-सान स्वतः. शेजारच्या नोंदीच्या मानाने शाई किंचित गडद वाटली तिला. छापील कागदावर तसं काही नसतं, हे ठाऊक असूनही वाटली.

संध्याकाळी घरी सुशीलने दार उघडलं. "या! आज काय आणलंत?"

"रस्ता," उल्का म्हणाली, आणि चपला काढता काढता तिला एवढं हसू आलं की केतकी अभ्यास सोडून बाहेर आली. मग तिघं जेवायला बसल्यावर तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. केतकी घास हातात धरून ऐकत होती. मध्येच जपानीत म्हणाली, "सुगोइ," म्हणजे भारीच, आणि लगेच, बापाला कळावं म्हणून, मराठीत, "बाबा, उद्यापासून पार्किंगवरून चिडवायचं नाही."

मूळ कागद परत द्यायला आणि उतारा हातात ठेवायला उल्का शनिवारी शिनोझाकीला गेली. बोळाच्या तोंडाशीच तिला सायकलवरून उतरावं लागलं. काँक्रीटच्या त्या रेघांवर एक घडीचं टेबल मांडलं होतं, मागे चार-पाच खुर्च्या, आणि खुर्च्यांवर बोळातली म्हातारी मंडळी. प्रत्येकाच्या मांडीवर कराच्या नोटिशीचा सरकारी लिफाफा. ओत्सुका-सान टेबलाशी उभ्या होत्या, समारंभाला नेसतात तसा राखी किमोनो नेसून. त्यांनी उतारा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाशी नेला, आणि आधी तो सगळ्यांना दिसेल असा धरला.

"सहावा हिस्सा," त्या म्हणाल्या. "माझा. पुढच्या गुरुवारी विकणार, आणि सेंदाईला जाणार."

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग कोपऱ्याच्या घरातले आजोबा काठी टेकत पुढे आले. "आमच्या वडिलांचंही सगळं ओत्सुकानेच पुस्तक बघून करून दिलं होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तेव्हा मला वाटतं... आमचंही एकदा बघावं."

"आमचंही त्यांनीच केलं," मागून एक आजी म्हणाल्या.

"आमचंही."

ओत्सुका-सान लाजल्या नाहीत. त्या आणखी ताठ झाल्या. "सगळ्या बोळाचं त्यांनीच केलंय," त्या उल्काला म्हणाल्या, जणू एखाद्या मोठ्या माणसाची ओळख करून देत होत्या. मग मंडळींकडे वळून, आपल्या जपानी जिभेने 'उल्का'चं 'उरुका' करत, "गर्दी करू नका. या आमच्या उरुका-सान. रांगेत या, आणि घरातल्या मशीनच्या गॅरंट्यांची खोकी घेऊन या. आत्ता!"

खुर्च्या सरकल्या, दारं उघडली, पाच घरांतून पाच खोकी शोधायचा आवाज सुरू झाला. उल्काने सायकल भिंतीला लावली, टेबलाशी बसली आणि पेनाचं टोपण काढलं.